शेर्मन डावीकडे ओढतो आणि मागे घेताना चेन उतरते

जुना पाना, नगर

नमस्कार मंडळी,

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढून गेल्या मार्चअखेर निवृत्त झालो. भाचा जपानात शिझुओकाला असतो. दिवाळीला येताना त्यानं माझ्यासाठी भलंमोठं खोकं आणलं. सौ.ला वाटलं फूड प्रोसेसर. निघाला शेर्मन रणगाडा! १/१६ मापाचा, रिमोटवर चालणारा, पण सगळा सुटा. गिअरसुद्धा एकेक करून शाफ्टवर चढवायचे. भाचा म्हणाला, "मामा, आता दोन महिने तरी मामीला शांतता."

लष्कराच्या के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या शाळेच्या खिडक्यांची तावदानं वाजायची आणि बाई न थांबता फळ्यावर लिहीत राहायच्या. फराहबागेजवळचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं, तेव्हापासून घरी पाहुणा आला की त्याला तिकडे फिरवून आणायचं काम माझ्याकडे. तिथला शेर्मन किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. तरी एका बाजूला तीन बोग्या, प्रत्येकीत दोन चाकं, त्यांच्या वर स्प्रिंगा, ही भानगड स्वतः जोडायला बसलो तेव्हाच डोक्यात शिरली.

अडीच महिन्यांत गाडी उभी राहिली. दोन बाजूंना दोन मोटारी, दोन गिअरबॉक्स, ७.२ व्होल्टची बॅटरी. बोल्ट सैल पडू नयेत म्हणून वर्कशॉपच्या सवयीप्रमाणे प्रत्येकाला निळं थ्रेडलॉकर लावलं. रंग फेब्रुवारीत मारला, चांगला बसला. रिमोट मात्र किटात नसतो, तो एका पोराकडून जुना घेतला, विमान उडवायचा.

आता दुखणं. हॉलमध्ये सरळ सोडली की गाडी डावीकडे ओढते. आमच्या फरश्या दोन फुटी आहेत. आठव्या फरशीपर्यंत ती अख्खी एक फरशी डावीकडे सरकलेली असते आणि दिवाणाच्या पायावर धडकते. बाहेर मातीत नेली की याहून वाईट. मागे घेत घेत वळवली की डावी चेन मागच्या आयडलरवरून (चेन ज्याच्यावरून वळते त्या मोकळ्या चाकावरून) उतरते. दर वेळी डावीच. चेन सैल असेल म्हणून आवळली, तर ओढणं वाढलं आणि उतरायची ती उतरतेच. रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे ओढ सावरायचं बटण, शेवटपर्यंत फिरवून झालं.

बसचं अलाइनमेंट मी डोळे मिटून सांगायचो. या साडेतीन किलोच्या गाडीनं नाक कापलं. कुणी जाणकार आहे का?

---

बाकरवडी

काका, साठीत रणगाडा! काकूंचं काय म्हणणं आहे ते आधी लिहा. बाकी मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

---

सर्किटवाला, पुणे

काका, ट्रिमला हात लावू नका, मधे आणून ठेवा. ट्रिमनं रोग झाकला जातो.

आधी ठरवू या की दोष विजेचा आहे की लोखंडाचा. कंट्रोल बोर्डातून दोन मोटारींना दोन वायरी जातात. त्यांची अदलाबदल करा, म्हणजे डावीकडची उजव्या मोटारीला आणि उजवीकडची डाव्या. मग फक्त सरळ पुढे चालवा. वळवू नका, कारण वळणं उलटी होतील. गाडी आता उजवीकडे ओढायला लागली तर बोर्ड किंवा रिमोट गुन्हेगार. अजूनही डावीकडेच ओढली तर बोर्ड निर्दोष, डाव्या बाजूची मोटार, गिअरबॉक्स किंवा ट्रॅक (तुमची चेन) यांत काहीतरी अडतंय.

दुसरं काम मल्टिमीटरचं. तो मोटारीच्या एका वायरीत मधे घालून ॲम्पिअर बघा. गाडी विटांवर अधांतरी ठेवा, चाकं मोकळी फिरू द्या. आधी ट्रॅक काढून, मग ट्रॅक चढवून, दोन्ही बाजूंचे असे चार आकडे लिहून काढा. मोटारी ब्रशच्या असल्यानं नव्या असताना दोन्ही सारख्या चालतीलच असं नाही. मी नवी मोटार आधी तीन व्होल्टवर दहा-पंधरा मिनिटं मोकळी फिरवून ब्रश बसवून घेतो. पण फरशीभर ओढ एवढ्यानं येत नाही, म्हणून आकडे हवेत.

आणि रिमोट विमानाचा म्हणालात. त्याच्या थ्रॉटलच्या दांडीला मधे आणणारी स्प्रिंग आहे का? विमानाच्या रिमोटला ती नसते, जिथे सोडाल तिथे दांडी थांबते. रणगाड्याला ते घातक. हातातून रिमोट निसटला तर गाडी जिन्यावरून खाली जाईल. मागचं झाकण उघडून स्प्रिंग बसवता येते, बहुतेक रिमोटांत जागा ठेवलेली असते.

---

अपशिंगेकर

जय हिंद. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, बावीस वर्षं, त्यातली बरीचशी विजयंता रणगाड्याच्या पोटाखाली. मॉडेलचं ज्ञान नाही, पण चेन उतरली म्हटल्यावर गप्प बसवेना. आम्ही ती रात्री, पावसात, टॉर्चवर चढवलेली आहे.

पाना साहेब, तुमचा स्प्रॉकेट पुढे आहे. शेर्मनमध्ये इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे, म्हणून चेन ओढणारं दातेरी चाकही पुढे. गाडी पुढे जाते तेव्हा स्प्रॉकेट वरची चेन आपल्याकडे खेचतो. वरची ताठ, आणि सैलपणा गोळा होतो स्प्रॉकेट आणि पहिल्या चाकाच्या मधे. मागे घेतली की उलटं. स्प्रॉकेट खालची चेन थेट खेचतो आणि सगळा झोळ वर, आयडलरपाशी जमा होतो. त्यात तुम्ही वळवलीत म्हणजे जमिनीनं चेनला आडवा धक्का दिला. झोळ आणि आडवा धक्का एकाच ठिकाणी आले, चेन बाहेर. यात नवल नाही.

पण आवळणं हा इलाज नव्हे. जादा आवळलेली चेन बेअरिंग खाते आणि गाडी ओढते, ते तुम्ही पाहिलंतच. वरच्या चेनला मधोमध बोटानं उचलून बघा, पाच-सहा मिलिमीटर सहज उचलली गेली पाहिजे. दोन्हीकडे सारखी.

आणखी एक. तुम्ही जागच्या जागी गरकन फिरवता का? मॉडेलवाले पोरं तसं करतात. खरा शेर्मन तसा फिरतच नसे. त्याच्या डिफरन्शियलमध्ये एक चेन हळू आणि दुसरी जलद होई, पण दोन्ही एकाच दिशेला. एक पुढे आणि एक मागे हा प्रकार त्याच्या नशिबात नव्हता. सेंच्युरियन रणगाड्याला जमायचं, शेर्मनला नाही. तेव्हा लांब वळण घ्या. चेनही वाचेल आणि बघणाऱ्या जाणत्यालाही बरं वाटेल.

वेगाचं पण सांगतो. खरा शेर्मन रस्त्यावर ताशी अडतीस-चाळीस किलोमीटर. सोळानं भागलं तर ताशी अडीच किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे सेकंदाला साधारण दोन फूट, तुमची एक फरशी. याहून जोरात पळवत असाल तर तो रणगाडा नाही, उंदीर.

वजनाचा हिशेब मात्र वेगळा. ते लांबी, रुंदी, उंची तिन्हींनी घटतं, म्हणून सोळानं तीनदा भागायचं. तीस टनांचे सव्वासात किलो होतात. तुमची गाडी त्याच्या निम्मी. हलकी चेन जमिनीवर दबून बसत नाही, उडते, हेही लक्षात घ्या.

---

रंगारीण, ठाणे

दोघांनीही छान लिहिलंय, पण काकांनी तिसऱ्या परिच्छेदात काय लिहिलंय ते कुणी नीट वाचलंच नाही!

काका, थ्रेडलॉकर "प्रत्येकाला" लावलं म्हणजे प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या बोल्टांनाही? ते लोखंडात लोखंड असेल तिथेच चालतं. एबीएससारख्या प्लास्टिकला ते लागलं आणि तिथे ताण असला, की प्लास्टिक आतून चिरत जातं. लगेच नाही. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, केसासारखी रेघ उमटते. मी एका गाडीचा ॲक्सल असाच घालवलाय. रात्री छान घट्ट केला होता, रविवारी उचलला तर बॉसचे, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या उंचवट्याचे, दोन तुकडे हातात.

गिअरबॉक्स जिथे हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) तळाला आवळलाय, तिथे भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. उजेड समोरून टाकू नका, बाजूनं तिरका टाका. समोरून टाकला तर चीर दिसत नाही.

फेब्रुवारीत रंग मारलात हे बरं केलंत. आमच्याकडे जुलैत लॅकर मारला की त्यावर पांढुरकं धुकं येतं. हवेतला ओलावा ओल्या रंगात अडकतो. ऑलिव्ह ड्रॅबचं पार ताक होतं. मी पावसाळ्यात फक्त जोडकाम करते आणि रंगाला दसऱ्यानंतर हात लावते.

---

जुना पाना, नगर

मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण गाडी पूर्ण खोलली होती. क्रमानं सांगतो.

पहिल्यांदा वायरी बदलल्या. तरी डावीकडेच ओढली. म्हणजे बोर्ड सुटला.

मग विटांवर ठेवून मीटर लावला. चेन काढून डावी ०.६ ॲम्पिअर, उजवी ०.६. मला वाटलं मीटरच बिघडला, म्हणून पुन्हा घेतले, तेच. चेन चढवून उजवी ०.९ आणि डावी १.६! मोटार चांगली, गिअर चांगले, आणि चेन चढली की डावीचा जीव जातोय. आता शंकाच नव्हती, चेन जिथून पळते ती वाटच वाकडी आहे.

चेन काढली. जुनी स्टीलची पट्टी घेतली आणि स्प्रॉकेटपासून आयडलरपर्यंत चाकांच्या कडेला टेकवली. उजवीकडे सगळी चाकं पट्टीला लागून. डावीकडे स्प्रॉकेटची पुढची कड लागते आणि मागची कड सुटलेली. फीलर गेज घातला, दीड मिलिमीटर. बसच्या पुढच्या चाकांना टो-इन म्हणजे किंचित तिरकेपणा असतो ना, तसला प्रकार. पण हे चाक वळायचंच नाही, ते वाकडं कसं?

तेव्हा रंगारीणताईंचं वाचलं. टॉर्च तिरका धरला. गिअरबॉक्सचे पुढे दोन आणि मागे दोन बोल्ट. मागच्या दोनांपैकी बाहेरच्या बोल्टाचा प्लास्टिकचा बॉस मुळाशी चिरलेला. चीर इतकी बारीक की नखाला लागत नव्हती. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून गिअरबॉक्स जरासा उचलला आणि तोंड उघडल्यासारखी उघडली. बोल्ट मात्र घट्ट! थ्रेडलॉकरनं आपलं काम चोख केलं होतं. बोल्ट सुटला नाही, ज्याच्यात तो होता तेच सुटलं.

अपशिंगेकर साहेबांनी चेनचं सांगितलं, त्याला मी हे जोडतो. पुढे जाताना गिअरबॉक्सचा मागचा भाग तळावर दाबला जातो, म्हणून चीर मिटलेली राहायची आणि गाडी नुसती ओढायची. मागे घेतली की तोच भाग वर उचलला जातो. चीर उघडली, गिअरबॉक्स एका कोपऱ्यातून वर, स्प्रॉकेट तिरका, आणि वरचा झोळ आयडलरपाशी तयारच. हे मी हातानं स्प्रॉकेट उलटा दाबून बघितलं. डोळ्यांसमोर उचलला गेला.

उजवीकडेही मीच थ्रेडलॉकर लावलं होतं, ती बाजू अजून शाबूत आहे. नशीब. पण विश्वास ठेवला नाही. दोन्हीकडचे आठही बोल्ट काढून भोकं साबणाच्या पाण्यानं धुतली.

दुरुस्तीत निवृत्त माणसाची हौस भागली. चिरेत केशिकेनं ओढून घेईल असा पातळ प्लास्टिकचा सॉल्व्हंट सिमेंट सोडला आणि क्लॅम्प लावून दोन दिवस हात लावला नाही. पण चिकटवलेल्या बॉसवर बोल्टचा भार टाकायचा नाही हे कळण्याएवढे केस पांढरे झालेत. नागापूर एमआयडीसीत दोस्ताचं लेथ आहे. त्याच्याकडून दीड मिलिमीटरची पितळी पट्टी घेतली, हलच्या तळाला बाहेरून बसवली आणि दोन्ही मागचे बोल्ट आरपार काढून तिच्यावर नायलॉन नट लावले. आता ताण प्लास्टिकवर नाही, पितळेवर. थ्रेडलॉकरची गरजच संपली.

खोललंच होतं म्हणून स्प्रॉकेट शाफ्टवर पकडून ठेवणारा ग्रब स्क्रूही बघितला. शाफ्टला एका बाजूला सपाट कापलेलं असतं, स्क्रूचं टोक तिथे बसायला हवं. माझं गोल भागावर बसलं होतं. हे कुणावर ढकलू? मीच बसवलं होतं. नवीन पोरानं वर्कशॉपात असं केलं असतं तर अर्धा दिवस ऐकवलं असतं.

जोडून पट्टी लावली, दोन्हीकडे सरळ. चेन सहा मिलिमीटर झोळावर ठेवली. मीटर डावी १.०, उजवी ०.९. हॉलमध्ये सोडली. बारा फरश्या, सांधा धरून सरळ. घड्याळ लावलं तर बारा फरश्यांना नऊ सेकंद, म्हणजे अजून उंदीरच आहे, साहेब. रिमोटवर वरची मर्यादा कमी करायची सोय सापडली, तीही केली. दांडीला स्प्रिंग बसवली.

बाकरवडी, काकूंचं म्हणणं एवढंच की दिवाणाच्या पायाला लागलेला हिरवा रंग कोण काढणार.

---

सर्किटवाला, पुणे

काका, जबरी! ०.६ आणि ०.६ हा आकडा वाचूनच मजा आली. आता पुढेमागे लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घ्यायचा मोह होईल. घेतलीत तर दोन सेलचीच घ्या. पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्ट असते, तुमच्या बोर्डाला ते चालतं का हे माहितीपत्रकात आधी बघा. आणि सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, मेली म्हणून समजा. आहे ती बॅटरी चालतेय तोवर गरज नाही, खरं सांगायचं तर.

मातीत चालवताना नगरच्या काळ्या मातीपासून जपा. ओली असताना स्प्रॉकेटच्या दात्यांत भरते आणि वाळली की सिमेंट. चेन मग दात्यांवर चढून बसते. फिरवून झालं की लगेच टूथब्रश.

---

अपशिंगेकर

काम पक्कं केलंत. पितळी पट्टीचा फोटो टाका.

आता माझी एक तक्रार. किटात तोफेची नळी आखूड आहे ना? ती १०५ ची हॉवित्झर असणार. तुम्ही भारतीय रंग देताय असं वाटतंय. १९६५ च्या युद्धात पंजाबात असल उत्तरला आपली डेक्कन हॉर्स रेजिमेंट शेर्मन घेऊनच पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभी होती. सोबत थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स. शेतांत पाणी सोडलेलं, ऊस उभा, त्यात पॅटन रुतले. तिथल्या शेर्मनला ७६ मिलिमीटरची लांब नळी. जुन्याच लहान टरेटात (वरच्या फिरत्या बुरुजात) ती बसवलेले शेर्मन आपल्याकडे होते, म्हणून टरेट बदलायची भानगड नाही. हल तुमचा पोलादी पाट जोडून केलेला, कोनांचा असेल. आपल्याकडे ओतीव, गोलसर हलचेही होते. तेवढं सोडून देऊ. पण नळी बदलाच. दोस्ताचं लेथ आहेच.

---

जुना पाना, नगर

अगदी मनातलं बोललात. हिशेब करून ठेवलाय. ७६ भागिले १६ म्हणजे तोंडाचं भोक पावणेपाच मिलिमीटर. टरेटात नळी वर-खाली करायला छोटी मोटार आहे, ती किती वजन झेलेल ही धाकधूक आहे. दोस्ताकडे ॲल्युमिनियमचा रॉड पण आहे आणि पितळेचा पण. पितळ लेथवर लोण्यासारखं कापतं, फिनिशही देखणं येतं. काय घेऊ?

---

अपशिंगेकर

ॲल्युमिनियम. पितळेची नळी घातलीत तर रणगाडा जन्मभर मान खाली घालून उभा राहील.

---

रंगारीण, ठाणे

आणि ॲल्युमिनियमला रंगाआधी एच प्रायमर, म्हणजे धातूवर रंग धरवणारा पहिला हात, मारा. नाहीतर पहिल्याच दिवाणाला तोही लागेल.